पुलाखालची वाट

रुग्णवाहिकेत आडवे झालेल्या माणसाला फक्त छप्पर दिसते. आमच्या जुन्या गाडीचे छप्पर पांढऱ्या पत्र्याचे होते. मधोमध एक पिवळट दिवा, त्याच्या काचेत अडकून मेलेला एक पतंग, आणि कोपऱ्यात कधी काळी सिलिंडर आदळून पडलेला पोचा. मागल्या दाराच्या आणि बाजूच्या काचांना दुधी रंग लावलेला होता. बाहेरच्यांना आतले दिसू नये हा त्यामागचा हेतू; पण त्यामुळे आतल्याला बाहेरचेही दिसत नसे. घरातून उचललेल्या माणसाचे सारे शहर इस्पितळाच्या दारापर्यंत त्या पोच्याएवढे होऊन बसे.

म्हणून मावशी वाट सांगत.

आमच्या स्वयंसेवक पथकात त्या सर्वांत जुन्या. पोटापाण्यासाठी शिवणकाम करीत, आणि वर्दी आली की गळ्यातली टेप तशीच ठेवून, कॉलरमध्ये सुई टोचून गाडीत चढत. रुग्णाच्या उशाशी बसून, त्याचे मनगट धरून, त्या हळू आवाजात बोलू लागत: "आता बेकरीपाशी आलोय. भट्टी चालू आहे, वास येईल. पुढे वळण आहे, अंग सैल सोडा. हं, झालं." वळण आधी कळले की दुखणे निम्मे होते, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही बाजूंच्या काचांवरच्या दुधी रंगाची बोटभर पट्टी त्यांनी स्वतः कात्रीच्या टोकाने खरवडून काढली होती. मागे बसणाऱ्याच्या डोळ्यांच्या बरोबर रेषेत. त्या फटींतून त्या शहर पाहत आणि आडव्या माणसाला दाखवीत.

निवृत्त होताना त्यांनी माझ्याकडून एकच शब्द घेतला. "माझी पाळी येईल तेव्हा मागे तू बस. वाट तू सांगायची." मी मान हलवली. तो शब्द पाळायची वेळ आली तेव्हा सांगण्याजोगी वाटच उरलेली नव्हती.

पण ते नंतरचे. आधी मला बोलायला शिकावे लागले.

मी चष्म्याच्या दुकानात, मागल्या खोलीत, भिंगे घासण्याचे काम करतो. तिथे दिवसभर यंत्राची घरघर असते आणि गिऱ्हाइकाशी बोलावे लागत नाही. पथकात मी का आलो, हे मला नीट सांगता येणार नाही. ओझे उचलता येते, रक्ताला घाबरत नाही, सांगितलेले विसरत नाही, एवढ्या भांडवलावर आलो. पहिल्याच आठवड्यात माझे नाव पडले: मौनीबाबा.

ते ठेवले हवालदारांनी. आमच्या खोलीच्या एका अंगाला पोलीस चौकी आणि दुसऱ्या अंगाला अग्निशमन केंद्र होते. तिन्ही दारांसमोर मिळून एकच लांब बाक. दुपारी त्या बाकावर चहा होई, आणि तिथे एक न ठरवलेली रीत होती: ज्याला वर्दी येईल त्याचा कप मागे राहणाऱ्याने बशीने झाकायचा. झाकलेला कप कोणी हलवीत नसे. परत आलेला माणूस ते गार पाणी तसेच घोटून टाकी आणि मगच हात धुवायला जाई. मला त्या बशांचे फार अप्रूप वाटे. बाकावर तीन बशा पालथ्या दिसल्या की समजावे, कुठे तरी मोठे काही घडले आहे.

"लोकांचा न्याय बघा," हवालदार म्हणत. ते धिप्पाड होते, पण त्यांचा आवाज बारीक होता, आणि त्यांना त्याची जाणीव असल्यामुळे ते नेहमी ओरडून बोलत. "बंब आला की टाळ्या. आम्ही आलो की तोंडं वाकडी. काल एका बाईंचं कुलूप तुटलं, तर मलाच विचारतात, तुम्ही होता कुठे? अहो, तुमच्या कुलपात होतो का मी?"

"टाळ्या?" बंबावरचे जमादार हसत. "परवा पोत्यांच्या गोदामाची आग विझवली. मालक म्हणतो, आग लागली ते ठीक, पण तुम्ही माल भिजवलात! आता आग काय फुंकर घालून विझवू?"

"निदान भांडतात तरी तुमच्याशी. या मौनीबाबांच्या पथकाला ना टाळ्या, ना शिव्या."

"आम्हाला बघायला ते शुद्धीवर कुठे असतात, हवालदारसाहेब," मावशी दोऱ्याचे टोक दातांनी तोडत म्हणाल्या. "आणि शुद्धीवर येतात तेव्हा त्यांना आम्हाला विसरायचं असतं. विसरू द्यावं. तेही औषधच."

मी हसलो, पण मलाही असेच काही म्हणायचे होते, हे घरी जाऊन अंथरुणावर पडल्यावर कळले. माझे सगळे शब्द मला असेच उशिरा भेटत.

पथकाचा नियम साधा होता. जो मागे बसेल त्याला रुग्णाशी बोलता आले पाहिजे. ज्याला बोलता येत नाही त्याने गाडी धुवावी, चादरी बदलाव्यात, सिलिंडर भरून आणावेत. त्यात कमीपणा नव्हता. पण मला मागेच बसायचे होते. त्या बोटभर फटीपाशी.

मावशींनी मला पहिल्यांदा बसू दिले ते एका पेन्शनर आजोबांच्या वेळी. पाय मुरगळला होता, घाबरण्यासारखे काही नव्हते. मावशी पुढे तुफानदादांच्या शेजारी बसल्या. तुफानदादा आमचे चालक. त्यांना कोणी कधी घाईत पाहिलेले नव्हते, म्हणून तुफान. मी घसा साफ केला. आधी पाठ केलेली वाक्ये एकामागून एक गळून पडली. बेकरी गेली, पहिले वळण गेले, आणि माझ्या तोंडून चकार शब्द नाही. शेवटी शाळेपाशी धीर करून म्हणालो, "आजोबा, डावीकडे शाळा आहे."

मधली सुट्टी चालू होती. पोरांचा कल्लोळ गाडीत भरला, आणि आजोबा एकदम ताठ झाले. "डावीकडे? आवाज तर उजव्या कानाला येतोय! कुठे नेताय मला? अहो, थांबवा! कोणी आहे का?"

त्यांचा आवाज वयाच्या मानाने दणदणीत होता. चौकात उभ्या असलेल्या हवालदारांनी शिट्टी फुंकून गाडी अडवली आणि मागचे दार धाडकन उघडले.

"मौनीबाबा!" ते ओरडले. "तोंड उघडलंत ते पेशंट पळवायला?"

कितीतरी दिवस बाकावर दुसरा विषय नव्हता. जमादार मला पाहिले की दोन्ही हात वर करीत आणि म्हणत, "मला उजवीकडे न्या, बाबा, पण जिवंत न्या." मीही हसायचो. आतून मात्र ठरवून टाकले होते की आता चादरीच बऱ्या.

तेव्हा मावशींनी एका दुपारी मला रिकाम्या गाडीत बोलावले. "झोप," स्ट्रेचरकडे बोट दाखवीत म्हणाल्या.

"मी?"

"नाही, तुझ्या मागे उभा आहे तो. झोप मुकाट्यानं. तुला मुकाट्यानं छान जमतं."

मी आडवा झालो. त्यांनी पट्टे बांधले आणि तुफानदादांना म्हणाल्या, "इस्पितळापर्यंत. नेहमीच्या चालीनं."

"दुसरी चाल आहे का माझ्याकडे?" पुढून उत्तर आले.

गाडी हलली. डोके इंजिनाकडे, पाय मागल्या दाराकडे. सारे जग माझ्या टाळूच्या दिशेने धावत होते आणि मला दिसत होता एक मेलेला पतंग. तेव्हा समजले. मी उताणा होतो, तोंड मागे करून बसल्यासारखा. तुफानदादांचा डावा हात म्हणजे माझा उजवा. शाळा त्यांच्या डावीकडे, माझ्या उजव्या कानाशी. आजोबांचे काही चुकले नव्हते.

"वाट कधी गाडीची सांगायची नाही," मावशी माझ्या उशाशी बसल्या होत्या. त्यांचा चेहरा उलटा दिसत होता, हनुवटी वर आणि कपाळ खाली. "आडव्या माणसाचा हात कुठला, ते बघायचं. आपण त्याच्या अंगात जाऊन बघायचं, त्याला आपल्या अंगात आणायचं नाही. आणि दोन गोष्टी लक्षात ठेव. 'आलंच आता' म्हणायचं नाही. ते नातेवाइकांनी म्हणावं. त्यांना खोटं बोलायची मुभा असते. आपण, जे आहे तेच सांगायचं. एकदा खोटं सापडलं, की पुढची सगळी वाट पेशंटला खोटी वाटते."

मग त्यांनी वाट सांगायला सुरुवात केली, आणि मी रोज ज्या रस्त्याने जात होतो तो रस्ता पहिल्यांदा पाहिला.

शाळेची भिंत संपली की तुमच्या डाव्या हाताला लाकडाची वखार; करवत चालू असेल तर दात शिवशिवतात. मग बंद पडलेले चित्रपटगृह. तिथे रस्ता वळसा घेतो, कारण चित्रपटगृह आधी होते आणि रस्ता नंतर आला. मग कालव्यावरचा उंचवटा. तिथे गाडी कितीही हळू नेली तरी माणूस कण्हतोच, म्हणून आधी म्हणायचे, दांडी धरा. आणि सर्वांत शेवटी पाण्याची टाकी. तिच्या पोटाखालून रस्ता जाई. जोडावर शेवाळ साचलेले, तिन्ही त्रिकाळ गळती. तिच्याखालून गेले की गाडीच्या पत्र्यावर टप, टप, टप असे थेंब वाजत. उन्हाळा असो की हिवाळा. "हे ऐकलं ना," मावशी म्हणाल्या, "की पुढे फाटक. इथे काही बोलायचं नाही. टाकीच बोलते."

येताना त्या गप्प झाल्या. "आता तू सांग. डोळे मीट."

मी सांगू लागलो. उंचवटा, वळसा, करवत. शब्द येत होते. एकामागून एक, न अडखळता. आणि आपल्याच आवाजाचे मला आश्चर्य वाटत होते. नंतर कारण उमगले. माझ्याकडे कोणी पाहत नव्हते. गाडीत बोलणारा आणि ऐकणारा एकमेकांच्या नजरेत नसतात. ऐकणारा छपराकडे पाहतो, बोलणारा फटीतून बाहेर. माझ्यासारख्या माणसासाठी जगात बोलण्याची एवढी सोयीची दुसरी जागा नसेल.

"बघ," उतरताना मावशी म्हणाल्या, "वाट अशी सांगायची, की टाका दिसू नये. थोडे दिसतायत. होईल."

त्यानंतर मी मागे बसू लागलो. बाळंतपणाला निघालेल्या बायका, छातीला हात लावून बसलेले दुकानदार, झाडावरून पडलेली पोरे. मी त्यांना शहर सांगत गेलो. एका बाईंनी मला मध्येच थांबवून विचारले होते, "चित्रपटगृहाच्या दाराशी तो आरसेवाला बसतो का अजून?" मी नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, "बसायचा," आणि वेदनेतही किंचित हसल्या. अशी माणसे पुढे रस्त्यात भेटली तर ओळख देत नसत. मला त्याचे वाईट वाटत नसे. विसरू द्यावे, ते औषधच.

मग पूल आला.

आधी खांब आले, मग धूळ, आणि मग कितीतरी दिवस फक्त आवाज. याच सुमारास मावशींचे गुडघे गेले. त्या तिसऱ्या मजल्यावर राहत; जिना उतरणे बंद झाले आणि पथकही सुटले. निरोपाच्या दिवशी बाकावर फार बोलणी झाली नाहीत. हवालदारांनी नेहमीपेक्षा मोठ्याने ओरडून त्यांना जपून राहायला सांगितले, आणि मावशींनी मला बाजूला घेऊन तो शब्द घेतला.

पूल सुरू झाला तेव्हा आम्ही सगळे खूश होतो, हे मला प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. शाळेपाशी चढायचे आणि इस्पितळाच्या फाटकाशी उतरायचे. ना वळसा, ना उंचवटा. पहिल्याच महिन्यात एका माणसाला नेले, ज्याचे ओठ निळे पडले होते; जुन्या वाटेने तो पोचला नसता. तो पोचला. त्याची बायको तुफानदादांच्या पाया पडायला निघाली तेव्हा ते म्हणाले, "माझ्या नको, पुलाच्या पडा." जमादारांचा बंब आता आग वाढायच्या आत पोचत असे. पुलाला नावे ठेवणारा माणूस आमच्या बाकावर नव्हता, आणि नसावाच.

फक्त मला मागे बसून बोलण्यासारखे काही राहिले नाही. फटींतून दोन्ही बाजूंना एकसारखा काँक्रीटचा कठडा दिसे. दिव्याचा खांब, पुन्हा दिव्याचा खांब. एवढ्या थोड्या वेळात रुग्णाला काही विचारायचीही गरज पडत नसे. मी पुन्हा गप्प झालो, आणि या खेपेस त्यात कोणाची हरकत नव्हती.

मावशींकडे मी अधूनमधून जात असे. त्या खिडकीशी शिवणयंत्रावर बसलेल्या असत. त्या खिडकीतून पूल दिसत नसे, नुसता ऐकू येई. एकदा मी म्हणालो, "मावशी, पुलावरून ना..." तर त्यांनी सुई धरलेला हात वर केला.

"सांगू नकोस. काय ते एकदाच सांग. मागे बसून."

ती वर्दी एका दुपारी आली. पत्ता ऐकून तुफानदादांनी माझ्याकडे पाहिले. मी कप खाली ठेवला. कोणी तरी त्यावर बशी पालथी घातली.

मावशी यंत्र आणि खिडकी यांच्या मध्ये पडल्या होत्या. खुब्याचे हाड गेले आहे, हे पायाच्या वळणावरूनच कळत होते. शेजारीण उशी घेऊन बसली होती. मला पाहून मावशी म्हणाल्या, "आलास? मागे तूच ना?"

"मीच."

"बरं. चेहरा असा नको करूस. पेशंट घाबरतो."

जिना अरुंद होता, स्ट्रेचर वळत नव्हते. जमादार आपली दोन माणसे घेऊन आले आणि त्यांनी मावशींना कॅनव्हासच्या झोळीत घेऊन पायरी-पायरीने खाली आणले. वेदनेने त्यांचे ओठ पांढरे झाले होते, तरी दुसऱ्या मजल्यावर त्या म्हणाल्या, "डावीकडचा हात खाली जातोय."

"मावशी, तुम्ही पेशंट आहात," जमादार धापा टाकत म्हणाले. "जरा पेशंटसारखं वागा."

"मग तुम्ही बंबवाल्यासारखं वागा. पोतं नाही मी तुमच्या गोदामातलं."

खाली हवालदारांनी गल्ली मोकळी करून ठेवली होती आणि ते विनाकारण शिट्टी वाजवीत होते. रस्त्यात कोणीच नव्हते.

गाडीत घेण्यापूर्वी मावशींनी मान वळवून वर पाहिले, आपल्या खिडकीकडे. मग मला म्हणाल्या, "पोराशी फोनवर बोलले. म्हणतो, ऑपरेशन झालं की इस्पितळातून परस्पर त्याच्याकडे. तिथे जिने नाहीत. म्हणजे हे सुटलं सगळं." त्यांचा मुलगा दूरच्या शहरात राहत असे. "तेव्हा नीट सांग हं. आज मला बघायचंय."

दार लावताना तुफानदादांनी माझी बाही धरली. "खालून घेऊ?" ते कुजबुजले. "जुन्या वाटेनं. मी अगदी हळू नेतो."

मला तेच हवे होते. क्षणभर ती सारी वाट डोळ्यांपुढे उभी राहिली, बेकरीपासून फाटकापर्यंत. मग कालव्यावरचा उंचवटा आठवला, आणि मावशींचा तो विचित्र वळलेला पाय.

"नको, दादा. पुलावरून."

"काय सांगशील पुलावर?"

मी आत चढून दार ओढून घेतले.

गाडी निघाली. मी उशाशी बसून मनगट धरले. बेकरी, पहिले वळण. "अंग सैल सोडा," मी म्हणालो, आणि त्यांनी सोडले. शाळा आली, सुट्टी नव्हती, एका वर्गातून पाढ्यांचा सूर येत होता. "तुमच्या उजव्या हाताला," मी म्हणालो. मावशी डोळे मिटून हसल्या. "शिकलास."

मग गाडीचे नाक वर उचलले गेले. "चढ," मी म्हणालो. "पुलावर आलो."

आणि थांबलो. कठडा. दिव्याचा खांब. शाळेपाशी आजोबांना चुकीचा हात सांगण्यापूर्वीही असेच झाले होते.

"मौनी, झोपलास का?"

"नाही, मावशी."

"मग सांग. काय आहे?"

"तुमच्या डाव्या हाताला भिंत आहे. उजव्या हाताला भिंत आहे. दिव्याचा खांब... आणखी एक खांब."

मावशी म्हणाल्या, "ही काय वाट आहे?" त्या चिडल्या नव्हत्या. दुकानात कापड चाचपून खाली ठेवावे, तसा आवाज होता. त्यांचे मनगट माझ्या हातात जड झाले.

मी उठलो. चालत्या गाडीत उभे राहायचे नाही, हा नियम. मी गुडघ्यांवर उभा राहिलो, एका हाताने वरची दांडी धरली आणि डोळा फटीच्या वरच्या कडेला लावला. तिथून कठड्यापलीकडचे खाली दिसत होते. इतक्या दिवसांत मी कधी खाली पाहिलेच नव्हते.

"मावशी, वखार खाली आहे. डाव्या हाताला, आपल्याखाली. चालू आहे. फळ्या उन्हात उभ्या करून ठेवल्यात, ताज्या कापलेल्या. वरून पिवळ्या दिसतात."

"वास?"

"इथपर्यंत येत नाही."

"बरं. पुढे."

"जुना रस्ता आता आपल्याखालून चाललाय, डावीकडून उजवीकडे. वळसा घेतोय. आणि चित्रपटगृह..." मी डोळा फटीला आणखी चिकटवला. "मावशी, त्याचं छप्पर दिसतंय."

"छप्पर?" त्यांनी डोळे उघडले. "मी जन्मात नाही पाहिलं ते छप्पर. काय आहे त्यावर?"

"कौलं आहेत, निम्मी फुटलेली. नावाची अक्षरं मागून दिसतात, लोखंडी पायांवर उभी. त्या पायांना दोरी बांधून कोणी तरी कपडे वाळत घातलेत. लहान मुलाची झबली, खूप सारी. आणि एक लाल खुर्ची आहे, आतली, बसायची. कोणी तरी छपरावर आणून ठेवलीय."

"म्हणजे राहतंय कोणी तरी तिथे."

"हो."

"आणि बाळ झालंय." मावशी छपराकडे पाहत होत्या, पोच्याकडे, आणि त्यांना झबली दिसत होती, हे मला स्पष्ट कळत होते. "कापड कसलं असेल रे?"

"ते नाही दिसत, मावशी."

"बरोबर. नाही दिसत तर नाही म्हणायचं."

मग झाडांचे शेंडे आले. त्यांना आम्ही नेहमी खालून ओळखत होतो. वरून ती अनोळखी माणसांसारखी दिसत होती. मी तसेच सांगितले. एका शेंड्यात घरटे होते, रिकामे. तेही सांगितले. मग मावशींचा हात माझ्या हातातून सुटला आणि त्यांनी स्ट्रेचरची दांडी घट्ट धरली. बोटांची पेरे पांढरी झाली.

"काय झालं? दुखतंय?"

"उंचवटा येईल आता. कालव्याचा."

"तो खाली राहिला, मावशी. आपण वरून निघून आलो. कालवा मागे गेला."

त्यांनी बोटे सोडवली. एकेक करून, जणू विश्वास बसत नव्हता. "गेला?"

"गेला."

"किती जणांना रडवलं त्यानं," त्या म्हणाल्या. "चांगला केला हो पूल. चांगला केला." आणि त्यांच्या कानाच्या दिशेने डोळ्यांतून पाणी गेले. मी ते टिपले नाही. नातेवाइकांनी टिपावे, आपण हात धरावा.

उतार लागला. "फाटक," मी म्हणालो. गाडी थांबली. इंजिन बंद झाले. दार उघडायला मी उठणार, तोच मावशी म्हणाल्या, "एक राहिलं."

"काय?"

"टाकी."

मला वाटले होते, त्या विसरतील. "टाकी नाही, मावशी," मी म्हणालो. "पाडली. पुलाच्या खांबासाठी."

बाहेर कोणी तरी चाकांची खुर्ची ढकलत नेल्याचा आवाज आला आणि दूर गेला.

"म्हणून सांगितली नाहीस?"

"जे आहे तेच सांगायचं. तुम्हीच..."

"हो, मीच." त्यांनी मान किंचित हलवली. "मी तेव्हा तरुण होते रे, नियम करायला घाई असायची. पाडलेलीसुद्धा वाटेत लागते, बाळा. आपण तिथून जातो, ती लागतेच. सांग."

पुढे तुफानदादा जागेवरून हलले नव्हते. स्ट्रेचर धरायला त्यांनी खाली उतरायचे असे, पण ते आरशात आम्हा दोघांकडे पाहत, नेहमीच्या चालीने, थांबून राहिले.

मी सांगितले. जोडावरचे शेवाळ सांगितले. तिच्या चारही पायांना लावलेला निळा रंग आणि त्याखालून डोकावणारा गंज सांगितला. तिच्या सावलीत गाडी क्षणभर गार होई, ते सांगितले. मग मला सांगण्यासारखे काही उरले नाही. तिथे काही बोलायचे नसते, टाकीच बोलते. मी हात वर केला आणि नखाने छपराच्या पत्र्यावर हळूच वाजवले. टप. टप. टप.

मावशींनी डोळे मिटून ते शेवटपर्यंत ऐकले.

"हं," त्या म्हणाल्या. "आता उघड दार."